हृदयाचे औषध, यकृताचा पत्ता

जनुकोपचारात रुग्णाला दिले जाणारे औषध म्हणजे खरे तर मजकूर असतो. एखादे प्रथिन कसे घडवायचे याची कृती डीएनए किंवा आरएनएच्या भाषेत लिहून ती पेशीच्या हवाली करायची असते. हा मजकूर प्रयोगशाळेत तयार करणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते तो हव्या त्या पेशीच्या आत पोहोचवणे, कारण डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, पेशीच्या बाह्य पृष्ठभागावरही ऋणभारच असतो आणि रक्तात नुसतेच सोडलेले न्यूक्लिक आम्ल तिथली विकरे (एन्झाइम) बघता बघता तोडून टाकतात.

पेशीत शिरण्याची कला विषाणूंना उपजतच साधलेली असल्यामुळे, रोगकारक भाग काढून टाकलेले विषाणू वाहक म्हणून वापरण्याची पद्धत आधी रुळली. परंतु जनुकोपचारात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एएव्ही या विषाणूत जेमतेम 4,700 अक्षरांचा मजकूर मावतो, अनेकांच्या शरीरात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच असतात आणि ज्यांच्यात नसतात त्यांच्यात ती पहिल्या मात्रेनंतर तयार होतात, त्यामुळे दुसरी मात्रा देणे जवळपास अशक्य होते. हृदयविकारासारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात ही अडचण मोठीच म्हणायची. विषाणूविना जनुके पोहोचवण्याच्या प्रयत्नांना बळ मिळाले ते यामुळे.

त्यांतला सर्वांत साधा मार्ग म्हणजे प्लाझ्मिड, अर्थात डीएनएचे वर्तुळाकार कडे, कोणत्याही वेष्टनाशिवाय टोचणे. उंदराच्या स्नायूत असे डीएनए टोचले तर स्नायूपेशी त्यावरून प्रथिन बनवतात, हे 1990 मध्ये दिसून आले होते. पुढे बॉस्टनमध्ये जेफ्री इस्नर यांच्या गटाने, पायाचा रक्तपुरवठा खुंटलेल्या एका 71 वर्षांच्या महिलेच्या धमनीत, फुगा लावलेल्या कॅथेटरवर, म्हणजे धमनीत सरकवायच्या बारीक नळीवर, लेप देऊन, व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचे जनुक सोडले. काही दिवसांतच पायाच्या त्वचेवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रक्तवाहिन्या उमटल्या आणि पायाला सूज आली. एरवी डॉक्टरांना चिंतेत टाकणारी ही लक्षणे येथे जनुक कामाला लागल्याची खूण ठरली. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांताने मोठी आशा निर्माण केली. मात्र याच धर्तीवर दुसऱ्या एका वाढघटकाचे (पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाचे) प्लाझ्मिड वापरून केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 525 रुग्णांच्या चाचणीत पाय कापावा लागण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेच्या, तुलनेत कमी झाले नाही. जपानमध्ये अशाच एका प्लाझ्मिड औषधाला 2019 मध्ये सशर्त मान्यता मिळाली, पण पूर्ण मान्यतेसाठीचा अर्ज कंपनीने 2024 मध्ये मागे घेतला.

या अपयशाचे एक कारण पेशीच्या रचनेत आहे. डीएनएला पेशीत शिरून भागत नाही, त्याला केंद्रकातही जावे लागते. विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरघळते तेव्हा ही वाट सहज मोकळी होते, पण प्रौढ स्नायूपेशी, विशेषतः हृदयाच्या, जवळपास विभाजित होतच नाहीत. संदेशवाहक आरएनएचे काम केंद्रकाबाहेरच, पेशीद्रवात होते, त्यामुळे हा अडथळा टळतो. शिवाय तो काही दिवसांत नष्ट होत असल्याने, थोडाच काळ हवा असलेल्या वाढघटकासाठी तो अधिक सोयीचा आहे, असे मला वाटते. बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी व्हीईजीएफचा आरएनए थेट हृदयाच्या स्नायूत 30 ठिकाणी टोचण्याची एक चाचणी झाली. त्यासाठी कोणतेही मेदवेष्टन न वापरता आरएनए केवळ सायट्रेटच्या द्रावणात मिसळला होता. एकूण रुग्ण अवघे 11 होते आणि त्यांपैकी सात जणांना औषध मिळाले. उपचार सुरक्षित दिसला, पण गुणाबद्दल ठाम बोलण्याइतकी ही संख्या नाही. छाती उघडलेली असतानाच देता येणारे औषध मोजक्याच रुग्णांच्या उपयोगाचे, हेही उघड आहे.

शिरेतून द्यायचे तर वेष्टन लागते. आज त्यासाठी लिपिड नॅनोकण वापरतात. साधारण 100 नॅनोमीटर व्यासाच्या या कणांतील मुख्य मेद रक्तात विद्युतभाररहित असतो. पेशीने कण गिळल्यावर तो ज्या पिशवीत अडकतो, तिच्यातील आम्लता वाढत जाते तसा या मेदावर धनभार येतो आणि पिशवीचे आवरण फाटून आतला मजकूर बाहेर पडतो. मात्र गिळलेल्या मालापैकी असे निसटण्यात यश येते ते एक-दोन टक्क्यांच्या आसपासच. त्याहून मोठा प्रश्न पत्त्याचा आहे. रक्तात शिरताच या कणांवर अपोई नावाचे प्रथिन चिकटते, यकृताच्या पेशी त्यांना कोलेस्टेरॉलचाच कण समजून एलडीएल ग्राहीमार्फत (रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण पकडणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांमार्फत) आत ओढून घेतात आणि हृदयाच्या वाट्याला फारच थोडे उरते.

मग यकृतातच असे काही बदलायचे की ज्याचा लाभ हृदयाला होईल, हा विचार पुढे आला. पीसीएसके9 हे यकृतात बनणारे प्रथिन एलडीएल ग्राही नष्ट करते, त्यामुळे यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल कमी उचलता येते. ज्यांच्यात त्याचे जनुक जन्मतःच निकामी असते, त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी राहते आणि त्यांना हृदयरोगही कमी होतो. हे जनुक कायमचे बंद करण्यासाठी नॅनोकणांतून जनुक-संपादक, म्हणजे डीएनएतील अक्षरे बदलणारे साधन, नेण्याची मानवी चाचणी 2022 मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाली. 2024 मध्ये एका रुग्णाच्या रक्तातील यकृताची विकरे वाढली, रक्तबिंबिका (प्लेटलेट) घटल्या, आणि नव्या रुग्णांना मात्रा देणे थांबवावे लागले. चाचणी घेणाऱ्या कंपनीने दोष संपादकाला नव्हे, तर वेष्टनातील मेदाला दिला.

हे उपचार ज्यांच्यासाठी आखले त्यांच्यापैकी अनेकांना आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीचा आजार असतो, म्हणजे नेमके एलडीएल ग्राहीच कमी असतात, आणि काहींत तर जवळपास नसतातच. ज्या दारातून औषध आत जायचे, तेच दार आजाराने लावून घेतलेले असते. म्हणून नंतरच्या आवृत्तीत मेद बदलला आणि कणावर गॅलनॅक ही शर्करा जोडली. तिला ओळखणारे वेगळेच ग्राही यकृतपेशींवर मुबलक असतात. 2025 मध्ये जाहीर झालेल्या 14 रुग्णांच्या प्राथमिक निष्कर्षांत सर्वांत मोठ्या मात्रेने एलडीएल सरासरी 53 टक्क्यांनी उतरले.