४० हजाराचा आकडा आणि कुलाब्याचं मशीन

मागच्या रविवारी नवीन लॅपटॉपवर रस्ट ही प्रोग्रामिंग लँग्वेज टाकली. ऑफिसच्या कामात कुठेच लागत नाही पण आपली खाज, नवीन काही दिसलं की लावून बघायचंच. पहिल्याच प्रोग्राममधे मुद्दाम १६ बिटच्या व्हेरिएबलमधे, म्हणजे आकडा ठेवायच्या खणात, ४०००० टाकलं. कंपायलरने (आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारं टूल) सरळ नाही म्हटलं, ही संख्या यात मावत नाही, रेंज -३२७६८ ते ३२७६७ आहे. एकटाच हसत बसलो. कारण २००३ साली कॉलेजच्या लॅबमधे ह्याच ४०००० ने माझा अख्खा दुपारचा वेळ खाल्ला होता.

तेव्हा टर्बो सी प्लस प्लस, म्हणजे सी प्लस प्लस लँग्वेजचा जुना कंपायलर. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, सुरुवातीला क्लिअर स्क्रीन आणि शेवटी गेट-सीएच लिहिलं नाही तर आउटपुट दिसतच नाही. मी इंटमधे (पूर्णांक ठेवायचा व्हेरिएबल) ४०००० ठेवलं आणि प्रिंट केलं तर -२५५३६ आलं. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या जर्नलमधे छोटी संख्या घे. विषय संपला. मग घरी वहीवर गणित केल्यावर कळलं की टर्बोचा इंट १६ बिटचा, ४०००० मधून ६५५३६ वजा झाले आणि उरलं ते स्क्रीनवर आलं.

आता गंमत बघा. त्याच्या ४० वर्षं आधी ह्याच मुंबईत जे मशीन होतं त्याचा एक शब्द, म्हणजे मेमरीतला एक खण, ४० बिटचा होता! कुलाब्याच्या टीआयएफआरमधे, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन आणि त्यांच्या टीमने १९५६ मधे आधी छोटं पायलट मशीन चालू केलं आणि फेब्रुवारी १९६० मधे मोठं. १९६२ मधे नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफरॅक. २७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी, २०४८ शब्दांची. हिशोब केला तर साधारण १० केबी, म्हणजे आज माझ्या फोनमधला एक गुड मॉर्निंगचा फोटो पण त्यात बसणार नाही. पण ते मशीन ह्या लोकांनी स्वतः जोडलं होतं. टूल वापरून बघणं वगैरे नाही, टूलच बनवलं. मला ही गोष्ट कॉलेजात कोणी सांगितली नाही, चर्चगेटपासून एका बसच्या अंतरावर घडलेली असून.

पण ट्यूबचं मशीन तयार होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरवर गेलेलं होतं. १९६४ मधे टीआयएफआरमधे अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आला, पुढे आयआयटी पवईत सोव्हिएत युनियनचा मिन्स्क. आणि मग रांग सुरू झाली. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ते दिवस काढलेत. भोकं पाडलेल्या एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, ८० रकाने, गठ्ठा काउंटरवर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी कागद घ्यायला जायचं. एक कॉमा चुकला की परत तेच. काका गठ्ठ्याच्या कडेवर मार्करने तिरकी रेघ मारून ठेवायचे, म्हणजे कार्डं हातातून पडली तर रेघ जुळवत क्रम लावता येतो. त्यांच्या बॅचच्या लोकांनी नवीन लँग्वेज शिकली ती मशीनसमोर बसून नाही, ट्रेनमधे पुस्तक वाचून.

मधला काळ भराभर सांगतो. १९६८ ला टीसीएस, १९७३ ला अंधेरीत निर्यातीच्या कंपन्यांसाठी सीप्झ, १९७८ ला आयबीएम देशातून गेली. परदेशी मशीन आणायचं म्हणजे लायसन्स आणि ड्यूटी, घरी कॉम्प्युटर असणं हा विचारच नव्हता. १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने आयात सोपी झाली आणि तिथून लॅमिंग्टन रोडचं राज्य आलं. डॉ. भडकमकर मार्ग हे पाटीवरचं नाव, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्या तोंडी लॅमिंग्टनच. बोर्ड एका दुकानातून, रॅम शेजारच्या गाळ्यातून, कॅबिनेट पोत्यासारखं बगलेत धरून ग्रँट रोड स्टेशन. आणि खाली फुटपाथवर सीडी. माझं पहिलं व्हिज्युअल बेसिक पण तिथलंच, लायसन्स वगैरे विचारू नका. तिथली पोरं मॅन्युअल न वाचता लावून बघायची आणि मला वाटतं आमची ही खाज तिथूनच आली.

सिलॅबस मात्र जागचा हलेना. टर्बो सी प्लस प्लस आलं १९९० ला, भाषेचं स्टँडर्ड ठरलं १९९८ ला, म्हणजे आम्ही २००३ मधे जे शिकत होतो ते स्टँडर्डच्या आधीचं होतं. जीसीसी हा दुसरा कंपायलर १९८७ पासून फुकट होता, कोणी टाकलंच नाही. पुढे ६४ बिटचं विंडोज आलं, त्यावर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, तरी लॅबवाल्यांनी हार मानली नाही, डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात तेच टर्बो चालवलं. एवढी मेहनत कंपायलर बदलायला लागली नसती.

रस्टवर समाधान होईना म्हणून रात्री मी पण डॉसबॉक्स उतरवलं. जुन्या पेनड्राइव्हवर टर्बोचा फोल्डर होताच. तोच प्रोग्राम, तेच ४००००.

-२५५३६.