‘सीरियल’मुळे अदनान सय्यद निर्दोष ठरला?

‘सीरियल’ या पॉडकास्टमुळे अदनान सय्यद निर्दोष ठरला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोरमध्ये १९९९ साली हे-मिन ली या शाळकरी मुलीचा खून झाला. २००० मध्ये तिचा पूर्वीचा प्रियकर अदनान दोषी ठरला. याच खटल्यावरचा हा पॉडकास्ट आला २०१४ मध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये दोषसिद्धी रद्द होऊन तो बाहेर आला आणि गैरसमज तिथेच रुजला.

पण मार्च २०२३ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा लागू केली. ऑगस्ट २०२४ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल ४ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. मुद्दा पुराव्याचा नव्हताच. २०२२ च्या त्या सुनावणीला प्रत्यक्ष हजर राहता येईल इतकी आगाऊ सूचना मुलीच्या भावाला मिळाली नव्हती. दूर कॅलिफोर्नियातून तो व्हिडिओवरून बोलला. लाखो लोक ज्या खुनावर वाद घालत होते, त्यात सख्ख्या भावालाच कोर्टात जागा नव्हती, हे फार लागतं.

मार्च २०२५ मध्ये अदनानची शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी झाली, कारण खुनाच्या वेळी तो १७ वर्षांचा होता. दोषसिद्धी मात्र कायम राहिली.