व्हर्सायच्या कारंज्यांना पाणी कोण चढवायचं?

पाण्याच्या बाटल्या आणि नळ्या जोडून 'विजेशिवाय अखंड चालणारं कारंजं' दाखवणारे व्हिडिओ मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यातल्या एकाखाली लिहिलं होतं, 'फ्रान्सच्या राजवाड्यातली कारंजी अशीच चालायची!' यातलं अर्धं खरं आहे. व्हर्सायची कारंजी उंचावरच्या टाक्यांतून, गुरुत्वाकर्षणानेच उडत. पण टाकीत पाणी चढवायला ऊर्जा लागते, आणि ती फुकट मिळत नाही. बाटल्यांचं कारंजंही वरचं पाणी खाली उतरलं की थांबतं. व्हिडिओ त्याआधीच संपवलेला असतो.

व्हर्साय मुळात फ्रान्सचा राजा तेराव्या लुईचं शिकारीचं छोटं घर. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, 1661पासून ते वाढवायला घेतलं. वास्तुकार ल व्होने जुन्या घराभोवती नवा वाडा गुंडाळला, ल नोत्रने बाग आखली, 1678पासून आर्दुआँ-माँसारने आरसेमहाल आणि दोन्ही बाजूंच्या लांबलचक इमारती जोडल्या. 1682मध्ये दरबारच तिथे राहायला आला. बांधकाम वाढलं तशी कारंजीही वाढली, पण जागा पठारावरची, जवळ मोठी नदी नाही. सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणीच नसे. राजा बागेत फिरू लागला की कारंजेवाले शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा देत. तो पुढचं कारंजं सुरू करी आणि राजा पुढे गेला की मागचं बंद होई.

मग नजर गेली सेन नदीकडे. बूजिव्हालजवळ 1681 ते 1684मध्ये 'मार्लीचं यंत्र' उभं राहिलं. आजच्या बेल्जियममधल्या लिएजच्या खाणींकडचा रेनेकाँ स्युआलेम हा त्याचा कारागीर. नदीत 14 पाणचक्क्या, प्रत्येकीचा व्यास 11 मीटरांच्या वर. एकूण दोनशेहून जास्त पंप. पाणी चढवायचं होतं सुमारे दीडशे मीटर.

मला या यंत्रातलं सगळ्यात आवडतं ते त्याचे टप्पे. पंप पाणी वर ओढतो तेव्हा खरं तर हवेचा दाब ते ढकलत असतो, म्हणून सुमारे 10 मीटरांवर पाणी ओढून येत नाही. त्यापुढे दट्ट्याने खालून रेटावं लागतं. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीला साधारण एक वातावरणाचा दाब. दीडशे मीटरांचा स्तंभ एका दमात रेटायचा तर तळाशी 15 वातावरणांचा दाब, आणि दट्ट्याला तर चामड्याची सील! ती फाटणार, नळांचे सांधे उसवणार. म्हणून तीन टप्पे केले. प्रत्येक टप्प्यावर उघडी टाकी. टाकीत पाणी पडलं की दाब पुन्हा हवेइतकाच, आणि पुढचा पंप जणू नव्याने नदीवर उभा. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलतात, ती पद्धत आपल्या ओळखीची आहेच.

पण डोंगरउतारावरच्या पंपांना ताकद कुठून द्यायची? तिथे नदी नाही, वीज तर नाहीच. पाणचक्कीच्या दांड्याची पुढे-मागे होणारी हालचाल लोखंडी दांड्यांच्या लांब जोडओळींनी वर नेली. झुलत्या तरफांवर टांगलेल्या या दांड्यांच्या जोडीतली एक ओळ वर ओढली जाताना दुसरी खाली परते. काम नेहमी ओढूनच व्हायचं, कारण लांब बारीक दांडा ढकलला तर वाकतो. शेकडो मीटर असं ओढताना बरीच ऊर्जा घर्षणात जायची, आणि करकर आवाज दूरवर पोचायचा.

हिशेब करून पाहा. दिवसाला 3000 घनमीटर पाणी दीडशे मीटर चढवायला सुमारे 50 किलोवॉट लागतात, म्हणजे आजच्या छोट्या मोटारीच्या इंजिनाइतकी ताकद. त्यासाठी एवढा लाकडालोखंडाचा डोलारा! आणि ते पाणीही व्हर्साय आणि मार्ली इथल्या राजाच्या दुसऱ्या वाड्याच्या बागेत वाटलं जाई.

तरीही भागेना. 1685मध्ये अर नदीचं पाणी गुरुत्वाकर्षणानेच आणायचं ठरलं. मँतनों इथे जलसेतू बांधायला हजारो सैनिक लावले. पण 1688मध्ये युद्ध पेटलं आणि काम थांबलं. त्या अर्धवट कमानी तिथे अजून उभ्या आहेत. मार्लीचं यंत्र मात्र 1817पर्यंत फिरत राहिलं.