भाकरीतलं लोह आणि कपातला ग्रीन टी

परभणीच्या आमच्या वहिनी जेवण झालं की हात वाळायच्या आत ग्रीन टीचं आधण ठेवतात. "भावजी, याच्यानं पोट हलकं राहतंय," म्हणतात. हिमोग्लोबिन मात्र नऊच्या वर सरकत नाही.

एकदा त्यांची लोहाची गोळी घेतली, वरचं रंगीत आवरण खरवडलं आणि पूड त्यांच्याच कपात टाकली. पिवळसर चहा बघता बघता काळपट जांभळा झाला. जुन्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करत, तोच हा प्रकार. गोळीतलं फेरस सल्फेट म्हणजे हिराकसच, आणि हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचं काम इथे चहातली कॅटेचिन ही तशीच द्रव्यं करतात. ती लोहाला धरून ठेवतात, आतड्याला शोषू देत नाहीत. मटणातल्या लोहाला याची झळ कमी बसते. भाकरी, मेथी, डाळीतल्या लोहाला जास्त.

आपल्याकडे हे जास्त बाधतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' ही ज्वारी आणली, किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असलेली. तिची भाकरी खायची अन् वरून लगेच हा चहा प्यायचा, म्हणजे भरल्या रांजणाला भोक पाडण्यातला प्रकार.

मग ग्रीन टी वाईट का? नाही. झाड आपल्या नेहमीच्या चहाचंच. पान खुडल्यावर लगेच वाफवलं किंवा कढईत भाजलं की त्यातली विकरं (एन्झाइम) निकामी होतात आणि कॅटेचिन टिकतात; चुरडून हवेवर ठेवलं की काळा चहा होतो. जपानच्या ओसाकी भागात ४०,५३० प्रौढांवर ११ वर्षांपर्यंत नजर ठेवली गेली. रोज पाच कप किंवा जास्त पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, बायकांत तर अधिकच. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक नव्हता. अर्थात हे निरीक्षण आहे. त्यांचं ताट वेगळं, चहा बिनसाखरेचा. वजन उतरण्याचं म्हणाल, तर चाचण्यांत दिसलेली घट नगण्य आहे. डब्यावरची सडपातळ बाई विसरा.

ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलला मात्र माझा साफ विरोध. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे यातलं मुख्य कॅटेचिन, पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदवलं. नाडोलॉल (रक्तदाबाची गोळी) किंवा वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर ग्रीन टीही डॉक्टरांना विचारूनच प्या. उपाशीपोटी मळमळतं, रात्री कॅफिनमुळे झोप उडते.

वहिनी आता दुपारी चारला पितात, जेवणापासून आणि गोळीपासून तास-दीड तास लांब. ताटात लिंबाची फोड आली. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. एवढंच की अजूनही आपल्या चहासारखा खळाखळा उकळतात, मग तो कडूजार होतो आणि साखर पडते. पाणी उकळल्यावर तीन-चार मिनिटं थांबायचं, पिशवी टाकायची, दोन मिनिटांत काढायची.