कोस्टा रिका: मतमोजणी संसदेच्या हातून का काढून घेतली?

कोस्टा रिकात राष्ट्राध्यक्ष कोण झाला, हे जाहीर करण्याचा अधिकार ना सरकारला आहे, ना संसदेला. तो सर्वोच्च निवडणूक न्यायाधिकरणाचा. निवडणुकीच्या बाबतीत त्याने दिलेल्या निकालावर अपील नाही. एवढा कडक बंदोबस्त करायची वेळ आली ती १९४८ मुळे.

त्या वर्षी फेब्रुवारीत माजी राष्ट्राध्यक्ष राफाएल आंखेल काल्देरोन गार्दिया आणि वृत्तपत्रमालक ओतिलियो उलाते यांच्यात लढत झाली. प्राथमिक मोजणीत उलाते सुमारे दहा हजार मतांनी पुढे होते. मग राजधानी सान होसेतल्या ज्या मुलींच्या शाळेत मतपत्रिका ठेवल्या होत्या, तिथे आग लागली. घोटाळ्याचे आरोप दोन्हीकडून झाले. पण शेवटचा शब्द संसदेचा होता आणि तिथे काल्देरोन यांच्या बाजूचं बहुमत होतं. १ मार्चला संसदेने अध्यक्षीय निवडणूक रद्द केली. त्याच वेळी झालेली संसदेची निवडणूक मात्र शाबूत ठेवली! पंधरवड्याच्या आत काल्देरोन यांचे विरोधक होसे फिगेरेस यांनी बंड पुकारलं. यादवी जेमतेम दीड महिना चालली, तरी सुमारे दोन हजार माणसं गेली असं मानतात.

जिंकलेल्या फिगेरेस यांनी दीड वर्ष हंगामी सरकार चालवलं, लष्कर बरखास्त केलं आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये सत्ता उलातेंकडे सोपवली. बिनलष्कराच्या देशाचं कौतुक जगभर होतं. त्याच वेळच्या राज्यघटनेने उभं केलेलं न्यायाधिकरण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण माझ्या मते ते तेवढंच मोलाचं. त्याचे सदस्य सर्वोच्च न्यायालय दोन तृतीयांश मतांनी निवडतं. एरवी ते तीन असतात, निवडणुकीच्या काळात पाच. जन्ममृत्यूची नोंदही त्याच्याकडेच असल्याने मतदारयादी त्यातूनच तयार होते. निवडणूक जाहीर झाली की पोलीसही त्याच्या हुकमाखाली येतात.

स्त्रियांना मताधिकारही १९४९ चाच. तो त्यांनी पहिल्यांदा बजावला ३० जुलै १९५० रोजी, ला तिग्रा आणि ला फोर्तुना या गावांच्या स्थानिक सार्वमतात.

राष्ट्राध्यक्ष व्हायला ४० टक्के मतं लागतात, ही अट मात्र त्याआधीची, १९३६ ची. पहिल्या फेरीत कुणालाच तेवढी मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. दोन मोठ्या गटांच्या राजकारणात ती वेळ २००२ पर्यंत आलीच नाही. पुढे पक्ष फुटत गेले आणि २०१४, २०१८, २०२२ अशा ओळीने तीन दुसऱ्या फेऱ्या झाल्या. २०१४ मध्ये तर दुसऱ्या फेरीतले एक उमेदवार जॉनी आराया यांनी प्रचारच थांबवला, पण घटना माघार घेऊ देत नाही, म्हणून मतपत्रिकेवर त्यांचं नाव राहिलंच.

संसदेच्या ५७ जागा सात प्रांतांत पक्षांच्या बंद याद्यांनुसार वाटल्या जातात आणि खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी २५ उमेदवार होते. पहिल्या फेरीत १७ टक्क्यांहूनही कमी मतं मिळालेले रोद्रिगो चावेस दुसऱ्या फेरीत जिंकले, तेव्हा संसदेत त्यांच्या पक्षाचे जेमतेम दहा जण होते.