चिकन चिली आणि चिकन मंचुरियन: बाटल्या त्याच, पदार्थ दोन

पुण्यात संध्याकाळी कुठल्याही चायनीजच्या गाडीसमोर उभं राहा. यादीत चिकन चिली आणि चिकन मंचुरियन एकाखाली एक असतात, आणि कुठलंही सांगितलं तरी पलीकडून प्रश्न एकच येतो, "ड्राय का ग्रेव्ही?" गोंधळ इथूनच सुरू होतो. दोन्ही ड्राय मिळतात, दोन्ही ग्रेव्हीत मिळतात, रंगही दोन्हींचा तोच लालसर तपकिरी. गर्दीच्या वेळी तर एकाच डब्यातला सॉस दोन्हींत पडतो आणि फरक उरतो तो ढोबळी मिरचीच्या चार फोडींचा. घरी करताना मात्र ही सरमिसळ करायचं काही कारण नाही.

माझ्या लेखी चिकन चिली हा परतायचा पदार्थ आणि मंचुरियन हा रश्श्याचा. चिलीत सॉस तुकड्याला बाहेरून चिकटतो. मंचुरियनमध्ये सगळी चव आधी ग्रेव्हीत उतरते आणि तुकडा शेवटी त्यात पडतो. सोया सॉस, व्हिनेगर, चिली सॉस, कॉर्नफ्लॉवर हे सगळं सामान सारखंच, त्यामुळे बाटल्यांकडे बघून काही कळत नाही. चिरणं बघितलं की कळतं.

चिलीसाठी कांदा चौकोनी कापून त्याच्या पाकळ्या सुट्या करायच्या, ढोबळी मिरचीच्या तेवढ्याच फोडी आणि हिरव्या मिरच्या उभ्या चिरलेल्या. मंचुरियनला आलं, लसूण आणि हिरवी मिरची तिन्ही अगदी बारीक, जोडीला कोथिंबिरीची कोवळी देठं. मिक्सरमधली पेस्ट नको. ती तळाला धरते आणि ग्रेव्हीला आपल्या रोजच्या रश्श्याचा वास येतो. ढोबळी मिरचीही नको. गाडीवर घालतात, तर घालू देत.

या चिरण्यावर तिखटपणासुद्धा ठरतो. मिरचीचा जाळ मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतो आणि तो पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतो. बारीक चिरलेल्या चार मिरच्या गरम तेलात पडल्या की अख्खी ग्रेव्ही तिखट होते. उभ्या चिरलेल्या सहा मिरच्या मात्र बराचसा ठसका स्वतःजवळ ठेवतात, आणि तो नको असणारा त्यांना ताटात बाजूला काढू शकतो. घरात लहान मुलं असतील तर म्हणूनच चिली जास्त सोयीची, नाव ऐकून उलटं वाटलं तरी. लवंगी मिरची असेल तर दोन्हीकडे हात आखडता घ्या.

दोघींची माहेरंही वेगळी. मंचुरियनचं श्रेय नेल्सन वांग यांना दिलं जातं. कोलकात्यात जन्मलेल्या या आचाऱ्याने 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची या आपल्याच फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं, अशी ती हकिकत. म्हणजे पाया रश्श्याचाच. चिकन चिलीचं नातं कोलकात्याच्या टांग्रा भागाशी जोडलं जातं. तिथे हाक्का चिनी कुटुंबांचे कातडी कमावण्याचे कारखाने होते आणि त्यांच्याच खानावळी पुढे नावारूपाला आल्या. मोठ्या आचेवर झपाट्याने परतणं हे तिकडचं.

चिकन दोन्हींना एकच: अर्धा किलो बोनलेस. दुकानात "लेगचं बोनलेस द्या, फोडी लहान करा" एवढं सांगा. दुकानदार न विचारता ब्रेस्ट काढायला लागतो, पण ते जरा जास्त तळलं की चिवट होतं. एका अंड्याचा पांढरा बलक, चमचाभर सोया, मिरपूड, थोडी आलं-लसूण पेस्ट (इथे चालते) आणि तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर लावून अर्धा तास ठेवा. मीठ चिमूटभरच, कारण सोया सॉस मुळातच खारट असतो. मंचुरियनसाठी एकदा तळलं की पुरे. चिलीसाठी मात्र एकदा तळून बाहेर काढा, पाच मिनिटं थांबा आणि कडकडीत तेलात पुन्हा मिनिटभर सोडा. पहिल्या तळणानंतर आतली वाफ बाहेर येऊन आवरण मऊ पाडते. दुसऱ्या तळणात ते पाणी उडतं.

आता चिलीची खरी अडचण. गाडीवरची शेगडी ढणाढणा पेटते, घरची नाही. त्यामुळे कांदा, ढोबळी आणि चिकन एकदम कढईत लोटलं की भाज्यांना पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ते शिजायला लागतं. उपाय साधा आहे. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा आणि माल अर्धा-अर्धा करून दोन वेळा परता. जाडसर ठेचलेला लसूण आणि मिरच्या, लगेच कांदा-ढोबळी, जेमतेम दीड मिनिट. कांद्याच्या कडांना डाग पडले पाहिजेत, पण पाकळी चावल्यावर कर्रकन वाजली पाहिजे. मग एकेक मोठा चमचा सोया आणि चिली सॉस, चार चमचे पाण्यात कालवलेलं एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर, वर चिकन. दोनदा उलटसुलट केलं की उतरवा. कढईच्या तळाशी सॉस साचलेला दिसला तर तुम्ही चिली-मंचुरियनच्या मधलं काहीतरी केलेलं आहे.

मंचुरियनला एवढी घाई नाही. बारीक आलं, लसूण, मिरची मध्यम आचेवर लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परता, लाल होऊ देऊ नका. दोन मोठे चमचे सोया आणि दोन कप पाणी, चिकनचा स्टॉक असेल तर फारच छान. उकळी आली की दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात कालवून, ढवळत ढवळत, बारीक धारेने सोडा. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या ठरलेल्या. सुरुवातीला ग्रेव्ही दुधाळ, मळकट दिसते आणि वाटतं की बिघडलं. मिनिटभर उकळू द्या. पीठ शिजलं की दुधाळपणा जातो आणि गडद, चकचकीत रंग वर येतो. तोवर गॅस बंद करायचा नाही, नाहीतर पिठाची चव राहते. व्हिनेगर दोन्हीकडे अगदी शेवटी. आधी घातलं तर त्याची आंबट चव उडून जातेच, शिवाय फार वेळ आंबटात उकळलेलं कॉर्नफ्लॉवर पुन्हा पातळ होतं.

मग "चिली ग्रेव्ही" आणि "मंचुरियन ड्राय" यांचं काय? ड्राय मंचुरियन ठीक आहे, ग्रेव्ही आटवून तुकड्यांवर घट्ट बसवली की झालं. चिली ग्रेव्ही मला पटत नाही. कर्रकन वाजणारी ढोबळी रश्श्यात भिजवायची असेल तर एवढी आच लावली कशाला? भात करणार असाल तर सरळ मंचुरियन करा.

उरलं तर मंचुरियन दुसऱ्या दिवशी थोडं पाणी घालून गरम करता येतं. चिली पुन्हा कुरकुरीत होत नाही. ती कोरडी परतून पोळीत गुंडाळा आणि डब्यात द्या.