नर्सिंगमधले स्किल व्हिडिओ

बीपी घेणं, इंजेक्शन, सलाइन, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेसिंग ही हाताने करायची कामं नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन ट्युटोरियलमधून दाखवायची पद्धत. ३ वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असो की ४ वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, शिकायची चाल जुनीच आहे, आधी मॅडम डमीवर डेमो देतात, मग एकेकीने रिटर्न डेमो द्यायचा, म्हणजे तेच स्वतः करून दाखवायचं, आणि मग वॉर्डात पोस्टिंग. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशन लॅबच्या सरावालाही तास ठरवून दिलेत. अडचण गर्दीची. एका बेडभोवती अख्खी बॅच उभी राहिली की मागच्या मुलींना मॅडमची पाठच दिसते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, लेक्चर मोबाइलवर आली आणि स्किल व्हिडिओ बघायची सवय तेव्हा पक्की झाली ती नंतरही राहिली. मुंबईत तर जेजे, केईएम, सायन, नायर अशा हॉस्पिटलांत पोस्टिंगला कल्याण-विरारहून लोकलने येणाऱ्या मुली असतात, त्या रात्रीच व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतात आणि गाडीत उभ्या उभ्या तीच ३० सेकंद मागे घेऊन परत बघतात. मॅडमला चार वेळा विचारायला लाज वाटते, मोबाइलला वाटत नाही.

राइल्स ट्यूबचं बघा. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, खूण करायची, नळी घशाशी आली की मान थोडी पुढे झुकवून पेशंटला गिळायला सांगायचं. हे सगळं व्हिडिओत छान दिसतं. पण नळी पोटात गेली का हे बघायला सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकायचा, असं दाखवणारे जुने व्हिडिओ अजून नेटवर पडून आहेत आणि तो आवाज नळी फुप्फुसात गेली तरी येऊ शकतो! म्हणून पोटातलं पाणी ओढून त्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ किंवा कमी आहे का ते बघतात नाहीतर एक्स-रे काढतात. त्यामुळे लिंक ग्रुपवर टाकायच्या आधी मॅडमने व्हिडिओ शेवटपर्यंत बघणं हे माझ्या मते या पद्धतीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

परदेशी व्हिडिओंची आणखी एक भानगड म्हणजे रंग. तिकडे काही देशांत सुया पिवळ्या डब्यात टाकतात, आपल्याकडे २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात आणि पिवळ्या पिशवीत रक्ताने भरलेलं ड्रेसिंग वगैरे. पिवळ्या पिशवीत चुकून सुई गेली तर ती उचलणाऱ्या मावशींच्या हाताला टोचते.

काही गोष्टी स्क्रीनवरून हातात येतच नाहीत. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबताना, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर छाती दाबायची हे पाठ होतं, पण ५ सेंटिमीटर म्हणजे किती जोर हे मॅनेकिनवर घाम निघाल्याशिवाय कळत नाही. शीर बोटाला लागणं, पेशंट दचकला की हात स्थिर ठेवणं हेही तसंच. आणि बोलणं! इंग्रजी व्हिडिओतली नर्स जे बोलते ते वॉर्डातल्या आजींना काय कळणार, तिथे ‘आजी, थोडा त्रास होईल हं, घोट गिळा, अजून एक’ असंच म्हणावं लागतं. म्हणून ट्यूटर मॅडमनी स्वतःच्या लॅबमध्ये, वॉर्डात मिळतो तोच ट्रे मांडून मराठीत शूट केलेला साधा व्हिडिओ जास्त कामाचा ठरतो.

काही ठिकाणी मुली स्वतःचा रिटर्न डेमोही मोबाइलवर घेतात. कॅथेटरचं पॅक उघडताना निर्जंतुक ग्लोव्हज घातलेला हात चादरीला कधी लागला हे करणारीला समजत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं. हे शूटिंग डमीवरच करायचं, वॉर्डात पेशंटवर नाही, चेहरा लपवून सुद्धा नाही.